ठकीची भूक

"मागं सर! म्हातारीच्या जिवाला तुझा हात नको हाय!"

भुतं उतरवणारा पुंजाबाबा कडाडला आणि पटांगणात जमलेली दोनेकशे माणसं माना उंचावून बघू लागली. पाटावर वारलेल्या साळूबाईंची म्हातारी मांजर बसली होती, ठकी. हाडं मोजून घ्यावीत अशी वाळलेली, डोळे मात्र टकटकीत. समोर साळूबाईंची सून सगुणा, हातात दुधात कुस्करलेली भाकरी. ठकीनं त्या हाताचा वास घेतला, कान मागे पाडले, फिस्स केलं आणि तोंड फिरवलं.

मग तीच वाटी बाबानं घेतली. त्यातलाच घास आपल्या बोटांवर घेऊन पुढे केला. ठकीनं घास तर गिळलाच, वर त्याची बोटंसुद्धा चाटून काढली.

"आई गं!" बायकांनी तोंडाला पदर लावले. कुणी हात जोडले. माझ्या शेजारचे पोस्टातले गृहस्थ, चांगले मॅट्रिक झालेले, पायातल्या चपला काढून उभे राहिले. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की विचारू नका.

मी सुलाबाई. पालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवते. पेठ नाक्याजवळच्या आमच्या कामगार वसाहतीत सगुणाचं घर माझ्या घराला लागून आहे. ही गोष्ट एकोणीसशे पंच्याऐंशीच्या हिवाळ्यातली.

"तीनशे साठ जीव वाटंला लावले म्यां!" बाबाची गाडी सुटली. "म्हशीतला काढला, पिंपळातला काढला, येष्टीच्या टायरातला काढला! हा जीव साधा नाय. सुनेनं उपाशी मारलेला हाय. म्हून मांजरीत शिरून खातोय, खातोय, तरी भूक भागंना!" हे सांगताना त्याचा एक डोळा चहाच्या किटलीवर होता. पण ते बघायला शुद्ध कुणाला होती?

मग त्यानं हुकूम सोडला. येत्या रविवारी मांजर पोत्यात घालून गोदावरीत सोडायची. सगुणानं चार माणसांत कबूल करायचं, की मी सासूला उपाशी मारलं. आणि माहेरी निघून जायचं, तिकडे पेठ गावाला. चार वर्षांची लेक इथंच ठेवायची, नाहीतर तीच भूक पोरीला धरील.

सगुणाचा नवरा रंगनाथ बस डेपोत कारकून. तो खाली मान घालून मूग गिळून बसला होता. सगुणानं एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग लेकीला उचललं आणि घरात जाऊन कडी लावली.

आता हे सगळं सुरू कुठून झालं ते सांगते. साळूबाई त्याच्या दोन महिने आधी गेल्या. दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवेना. तास गेला, दीड तास गेला. इच्छा कबूल केल्या, नवस बोलले. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. तेराव्याला साळूबाईंच्या आवडीचं पान वाढून कावळ्यासाठी पत्र्यावर ठेवलं, तर ठकी उडी मारून वर गेली आणि सगळं पान चाटूनपुसून खाऊन वर भेसूर ओरडली. झालं! कावळ्यानं जे नाकारलं ते मांजरीनं खाल्लं, म्हणजे साळूबाई मांजरीत, असा हिशेब लोकांनी बसवला. त्यात साळूबाई शेवटी काडीसारख्या झाल्या होत्या, ते सगळ्यांनी पाहिलेलं. अन्ननलिकेचा कर्करोग होता हे डॉक्टरांनी सांगितलेलं, ते मात्र कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

आणि नणंद, नवसाबाई. देवळ्याला दिलेली. आईच्या आजारपणात कांद्याची काढणी आली, मग लेकाचं लग्न आलं, बाई एकदाही येऊ शकली नाही. आली ती तिरडी बांधल्यावर. "मनी माय उपाशी गयी!" म्हणजे माझी आई उपाशी गेली, म्हणून जी तिनं छाती पिटली, ती तेव्हापासून पिटतेच आहे. पुंजाबाबाला देवळ्याहून घेऊन आली ती हीच.

पटांगणातला तो प्रकार झाला त्याच दिवशी मी सगुणाची कडी वाजवली.

"बाई, मी जाते पेठला," ती म्हणाली. "पण पोर सोडून कशी जाऊ? आणि मी केलं नाही ते केलं म्हणून कसं सांगू?"

"कुठंही जायचं नाही. आधी मला सांग, ठकी तुझ्या हातचं खरंच खात नाही?"

"अहो, रोज माझ्याच हातचं खाते! पाच-पाच वेळा खाते. आजच काय झालं तिला, देव जाणे."

"देवाला राहू दे. आज वेगळं काय होतं ते आठव."

ती आठवू लागली. पटांगण सारवलं. पाट मांडला. बाबानं धूप घातला, एवढा की डोळे चुरचुरले. मग शुद्धीसाठी म्हणून तिच्या दोन्ही हातांवर लिंबू पिळलं.

मी उठले, तिच्याच फळीवरचं लिंबू कापलं, माझ्या बोटांना चोळलं आणि दूध-भाकरी घेऊन ठकीपुढे धरली. कान मागे, फिस्स, तोंड फिरवलेलं. हात साबणानं धुतले, पुन्हा धरली. मटामटा खाल्ली.

"अगं बाई!" सगुणानं आपले हात नाकाशी नेले. "लिंबू!"

लिंबाचा उग्र वास मांजरांना सहन होत नाही. एवढंसं ते. पण मला आनंद झाला तो मिनिटभरच. कारण घास संपवून ठकी वाटी चाटत होती, वाटी संपली तर माझा पदर हुंगत होती, आणि तिच्या कण्याचा मणी न् मणी दिसत होता. लिंबानं बाबाचा खेळ उलगडला. ही भूक कुठं उलगडली?

मी तिला मांडीवर घेतलं. बरगडीखाली हृदय असं धडधडत होतं की ठोके मोजताच येईनात. आधी वाटलं, जंत असतील. मग हात थांबला. भरपूर खायचं आणि वाळत जायचं. छातीत धडधड. जिवाला स्वस्थता नाही. डोळे टकटकीत. अहो, हे तर माझंच वर्णन! दोन वर्षांपूर्वी मी अशीच झाले होते. शेजारणींनी माझ्यावरूनही मीठ-मिरच्या ओवाळल्या होत्या. शेवटी निघाली थायरॉईड, म्हणजे गळ्यातली ग्रंथी, गरजेपेक्षा जास्त काम करणारी. तेव्हापासून मी गोळी घेते.

पण मांजरीला थायरॉईड?

सोमवारी ठकीला पिशवीत घालून आम्ही जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर गायधनी बैलाचा खूर बघत होते. पिशवीतलं पाहून म्हणाले, "बाई, इथं मांजर कोण आणतं?" तरी हात धुऊन आले. ठकीची मान वर करून त्यांनी गळ्यावरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. मग माझं बोट धरून तिथं ठेवलं. कातडीखाली वाटाण्याएवढी गाठ सरकली.

"वय?"

"पंधरा," सगुणा म्हणाली. "माझ्या लग्नाच्या आधीची आहे."

"पाच-सहा वर्षांपासून परदेशातले डॉक्टर लिहिताहेत, म्हाताऱ्या मांजरांना हा आजार होतो म्हणून. मी वाचलंय, पाहिलं मात्र आज पहिल्यांदा. शपथेवर नाही सांगणार. पण लक्षणं सगळी जुळतात."

"माझी गोळी आहे की घरी," मी म्हटलं. "देऊ का त्यातली?"

डॉक्टर खवळले. "मनानं द्याल तर मांजर माराल! औषध तेच आहे, माणसाचंच. पण किती द्यायचं ते मी ठरवणार. थोडक्यापासून सुरुवात, सकाळ-संध्याकाळ. ओकली, खाजवत सुटली, मलूल पडली, तर लगेच इकडे आणायची. दर आठवड्याला वजन करायचं. आणि एक लक्षात ठेवा, हा आजार या गोळीनं जात नाही, आटोक्यात राहतो. गोळी बंद केलीत की भूक परत."

"गुण कधी येईल?"

"दोन-तीन आठवडे. जास्तही लागतील."

आमच्या हातात होते सहा दिवस. सहा दिवसांनी ठकी पोत्यात जाणार होती. ती मेली की सगुणाची एकुलती एक साक्षीदार मेली, मग तिच्या कपाळावरचा तो डाग जन्मात पुसला गेला नसता. त्या आठवड्यात माझी झोप उडाली ती थायरॉईडची गोळी घेऊनही.

रविवार उजाडला. गर्दी दुप्पट. पोतं तयार, तोंड बांधायला सुतळीसुद्धा तयार. बाबानं धूप पेटवला, लिंबू हातात घेतलं आणि मी पुढे झाले.

"बाबा, आज लिंबू सगुणाच्या हाताला नको. तुमच्या हाताला लावा."

"बाई, तुमच्यात पिंड नाय, कावळा नाय. तुम्हाला यातलं काय कळणार?" पोस्टातले गृहस्थ म्हणाले. मी बौद्ध, हे त्यांना नेमकं तेव्हाच आठवलं.

"नाही कळत. पण लिंबू सगळ्यांत सारखंच आंबट असतं ना? बाबा, लावा."

बाबानं हात मागे घेतला. "गुरूची आज्ञा नाय!"

"बरं. निवृत्ती, तुझा हात दे." निवृत्ती आमचा कांदे-बटाटेवाला, साळूबाईंना रोज हाक मारून कोथिंबीर देणारा. मी त्याच्या हातावर लिंबू पिळलं. त्यानं घास धरला. ठकीनं फिस्स केलं आणि तोंड फिरवलं.

"काय रे निवृत्ती, साळूबाईला तू पण उपाशी मारलंस का?"

कुणीतरी फसकन हसलं. मी सगुणाचे हात सगळ्यांसमोर साबणानं धुवायला लावले. तिनं घास धरला. ठकीनं तो खाल्ला, वाटी खाल्ली, आणि तेवढ्यावर तिचं कुठं भागतंय? ती पाटावरून उतरली, हुंगत हुंगत थेट बाबाच्या झोळीत शिरली. बाबा "हाड हाड!" करत धावला. ठकी बाहेर आली ती दातांत सुका बोंबील धरून.

बोटांना बोंबील चोळून ठेवायचा, वास झाकायला धूप घालायचा. तीनशे साठ जिवांचं भांडवल ते एवढंच. आणि साळूबाई पक्क्या माळकरी, जन्मात मासळीला शिवल्या नव्हत्या!

पटांगण हसून लोटपोट झालं. बाबानं काढता पाय घेतला तो एसटी स्टँडपर्यंत थांबला नसेल. पण नवसाबाई हसली नाही. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, डोळ्यांत पाणी आणि आग दोन्ही.

"बाबा चोर, कबूल. पण मांजर खाऊन खाऊन का वाळतीय? ते सांगा मास्तरीणबाई. ही भूक कुणाची हाय?"

मी गाठीचं सांगितलं, गोळीचं सांगितलं. चार रविवार मागितले. रंगनाथनं तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. "अक्का, चार रविवार थांब. नाही उतार पडला तर तू म्हणशील ते."

मला त्या क्षणी त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. तू म्हणशील ते! बायको का कुणी उसनी आणलेली होती? पण चार रविवार मिळाले होते.

निवृत्तीच्या काट्यावर ठकीला पिशवीत घालून तोललं. दोन किलो. सगुणाच्या दाराशेजारच्या भिंतीवर मी खडूनं आकडा लिहिला, सगळ्यांना दिसेल असा.

पहिल्या आठवड्यात ठकी दोनदा ओकली. डॉक्टरांनी गोळी आणखी कमी केली, मग हळूहळू वाढवली. पहिला रविवार, दोन किलो. दुसरा रविवार, दोन किलो. नवसाबाई दर रविवारी यायची, भिंतीपुढे उभी राहून आकडे बघायची आणि निघून जायची. सगुणा दिवसातून दहादा ठकीच्या बरगड्या चाचपून बघायची. मी वर्गात ग्रंथी शिकवायची ठरवली आणि फळ्यासमोर उभी राहून विसरले काय शिकवायचं ते. उपचार चुकीचा ठरला तर? शपथेवर तर डॉक्टरांनीही सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या रविवारी काटा दोन किलो शंभर ग्रॅमवर गेला. निवृत्तीनं वजनं काढून पुन्हा घातली, तरी तेच.

चौथ्या रविवारी सकाळी आम्ही सगळे सगुणाच्या दारात. सगुणानं वाटीत दूध-भाकरी दिली. ठकीनं खाल्ली, थांबली, मिशा पुसल्या आणि उन्हात जाऊन आडवी झाली. वाटीत अर्धी भाकरी तशीच होती.

साळूबाई गेल्यापासून त्या मांजरीनं घासभरही मागे ठेवलं नव्हतं. नवसाबाई त्या वाटीकडे बघत राहिली.

सगुणा मात्र आपल्या कामात. तिनं ठकीला मांडीवर घेतलं, जबडा हलकेच उघडून गोळी आत ठेवली, तोंड मिटलं आणि दोन बोटांनी गळा वरून खाली चोळू लागली. "उतरली का गं? उतरली का?" असं पुटपुटत.

"असं कुठं शिकलीस?" नवसाबाईनं विचारलं.

"आत्याबाईंना पेज अशीच द्यायचे, वन्सं. चमच्या-चमच्यानं. घशाखाली जायची नाही. मग गळा चोळायचा. तास-तास लागायचा. शेवटी तर थेंबसुद्धा उतरेना." सगुणाची बोटं ठकीच्या गळ्यावरून फिरत होती. "मी खायला घातलं हो. त्यांना गिळवत नव्हतं."

नवसाबाई उंबऱ्यावर बसली आणि ओक्साबोक्शी रडली. आई गेल्यावर छाती पिटली होती, तसं नाही. हे खरं रडणं होतं. "मी आले न्हाई गं," एवढंच म्हणत होती. "मी एकदा पन आले न्हाई."

वाचणाऱ्या बाया-बापड्यांनो, तुमच्या दारी कुणी बोट दाखवणारा आला तर धूप विझवा, खिडकी उघडा आणि एक प्रश्न विचारा, हेच दुसऱ्याच्या हातून होतं का? दुःख झालं की माणसाला कुणीतरी गुन्हेगार हवासा वाटतो. बाबा तो पाच मिनिटांत शोधून देतो. डॉक्टरला चार रविवार लागतात, आणि तेवढं करूनही गोळी रोज द्यावी लागते. पण खरं तेच आहे. ते करायला कष्ट पडतात म्हणून ते सोडू नका, आणि एखाद्या सुनेचं घर मोडायच्या आधी निदान मांजरीच्या गळ्याला हात लावून बघा.

नवसाबाईनं पदरानं तोंड पुसलं. ठकीला सगुणाच्या मांडीवरून आपल्या मांडीवर घेतलं.

"संध्याकाळची गोळी कितीला असते?" तिनं विचारलं. "मला दाखव, गळा कसा चोळायचा ते."