फरशीवरचं पाऊल

विश्वजीतला टापटिपीचा भारी सोस. सांगलीतल्या त्याच्या कपाटात मोजेसुद्धा रंगवार लागलेले. उंब्रजला राहणाऱ्या आईला नवा फोन दिला, तेव्हा तिचं वेगळं खातं उघडायचा कंटाळा म्हणून त्यानं स्वतःचंच त्यात घातलं. तेव्हापासून मायलेकांचे फोटो क्लाउडवर एकाच ढिगात पडायचे, आणि एकीकडे पुसला की दोन्हीकडचा जायचा.

एका रविवारी जागा संपल्याची सूचना आली आणि हा बाह्या सरसावून बसला. सहली एकीकडे, लग्नं एकीकडे, वाढदिवस वर्षवार. मध्येच आईचे प्रताप निघाले. लाल फरशी आणि तिच्यावर कुणाचं तरी अर्धं पाऊल, असे दोनेकशे फोटो, त्यातले निम्मे हललेले. त्याला हसू आवरेना. एक त्यानं ऑफिसच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'मातोश्रींचं फरशी प्रदर्शन, प्रवेश मोफत.' मग सगळे पुसले, वर कचरापेटीही रिकामी केली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगाच नाही.

पुढच्या शनिवारी तो गावी गेला. वडील, नाथाजी, सोप्यात खुर्चीवर बसून होते. अर्धांगवायूनंतर ते पुन्हा चालायला शिकत होते, पण हा आठवडाभर उठलेच नव्हते. आईनं त्याला घरामागच्या परड्यात नेऊन कारण सांगितलं. रोज ते जिथवर चालत, तिथल्या शेवटच्या पावलाचा ती फोटो काढायची आणि संध्याकाळी कालच्याशेजारी धरून दाखवायची. एक फरशी पुढं सरकलेली दिसली की माणूस दुसऱ्या दिवशी आपणहून उठायचा.

"माझंच बोट कुटं तरी लागलं असंल रं," ती म्हणाली. "आता म्हणत्यात, मी चाललोच नव्हतो, तू माझं मन राखायला सांगत हुतीस."

विश्वजीत गप्प बसला असता तरी निभावलं असतं, आणि आपण तसा विचार केला याचीच त्याला जास्त लाज वाटली. तो सोप्यात येऊन वडिलांसमोर बसला.

"आबा, आईनं न्हाई. मी पुसलं फोटो."

नाथाजी म्हणाले, "बघून पुसलंस?"

"व्हय."

"एक बी ऱ्हायला न्हाई?"

एक राहिला होता, ऑफिसच्या ग्रुपवर. तो त्यानं काढला आणि खालची ओळ अंगठ्यानं झाकून फोन पुढं धरला. नाथाजींनी अंगठा बाजूला केला. ओळ सावकाश वाचली, तिच्याखालचे हसरे चेहरेही एकेक करून बघितले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं विश्वजीतला झालं.

नाथाजींनी मात्र बोटानं पडदा सरकवून पुन्हा वरचा तो फोटोच बघितला.

"अगं," त्यांनी दारात उभ्या असलेल्या बायकोला सांगितलं, "ही उंबऱ्याजवळची फरशी हाय. म्हंजे चाललो हुतो मी."

त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. विश्वजीत आधार द्यायला पुढं झाला.

"तू ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तुझ्या आईला येऊ दे."