पाहिलं तेवढंच

स्टँडवरच्या मावशींना नापास करायचं म्हणजे छातीत दम हवा. लालपेनच्या छातीत तो होता. त्यांनी पंचवीसपैकी सहा गुण दिले आणि वर शांतपणे पान उलटलं.

आता मावशी कोण, हे आधी सांगून टाकायला हवं. सकाळी घरी मशीनवर पडदे आणि गणवेश शिवायचे आणि चार वाजले की पट्टा आवळून, शिट्टी गळ्यात अडकवून बस स्टँड गाठायचा. तिथे त्या सहायक पोलीस. रांगेतली भांडणं मोड, वाट चुकलेल्या म्हाताऱ्यांना गाडीत बसव, खिसेकापूंना पिटाळून लाव, असं चौदा वर्षं चाललेलं. "मला नुसता चेहरा बघितला की कळतं," असं त्या भेटेल त्याला ऐकवत. बरेचदा ते खरं निघे. खोटं निघालं की त्या विषय बदलत.

मग वरून फर्मान आलं. यापुढे प्रमाणपत्र नसेल तर सहायक पोलीस नाही. ऐंशी तासांचं प्रशिक्षण आणि चार परीक्षा: कायदा, धाव, प्रथमोपचार आणि अहवाल. कुठल्याही एकीत दोनदा नापास झालं, तर पट्टा आणि शिट्टी जमा करायची.

धावण्यात मावशींना कोण हरवणार? सुटलेल्या गाड्यांमागे चौदा वर्षं पळालेली बाई ती! पंचविशीतले गडी मागे धापा टाकत राहिले. प्रथमोपचारात त्यांनी रबरी बाहुल्याची छाती अशी दाबली की त्याच्या शर्टाचं बटण उडालं. ते त्यांनी तिथेच शिवूनही दिलं. कायदा तोंडपाठ होता. घोडं अडलं ते अहवालात.

अहवाल शिकवायला एक निवृत्त हवालदार होते. खिशात एकच पेन, तेही लाल, म्हणून सगळा वर्ग पाठीमागे त्यांना लालपेन म्हणायचा. त्यांनी मावशींचा कागद सगळ्यांसमोर वाचला. "'एक चोरटा इसम दारूच्या नशेत वाईट हेतूने उभा होता.' चोरटा कशावरून? दारू तुम्ही पाजलीत? आणि हेतू कुठे दिसला हो, त्याच्या खिशातून डोकावत होता?"

वर्ग खो खो हसला. मावशींचे कान तापले. दोनातली एक संधी गेली होती.

"मेल्याला माणसं कळत नाहीत," घरी येऊन त्यांनी मशीनवरचं कापड आपटलं.

सून रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. ती हळूच म्हणाली, "आई, रागावू नका, पण त्यांचं बरोबर आहे. आम्हीसुद्धा काचेखाली दिसतं तेवढंच लिहितो."

सासूला तोंडावर असं सांगायचं म्हणजे वाघाच्या जबड्यात हात घालणं. मावशी ताट उचलून मशीनपाशी जाऊन जेवल्या. मग पट्ट्याचं बक्कल पुसता पुसता त्यांचा हात थांबला आणि एकदम भडाभडा बोलल्या, "हा पट्टा गेला तर मी नुसती टाके घालणारी म्हातारी गं. चार वाजले की मी जाऊ कुठे? मला कोण हाक मारणार?"

सुनेने त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं. "महिना आहे फेरपरीक्षेला. रोज घरातला एक अहवाल लिहायचा आणि मला दाखवायचा."

पहिल्याच दिवशी दुधाचं पातेलं रिकामं निघालं. मावशींनी मांजराला जिन्याबाहेर हाकललं आणि ऐटीत लिहिलं: मांजराने दूध प्यायले.

"पाहिलंत का?" सुनेने विचारलं.

"त्यात पाहायचंय काय? चेहराच सांगतो त्याचा!"

"आई, पाहिलंत का?"

मावशी फणकारत ओट्यापाशी गेल्या. चष्मा लावून वाकल्या. आणि मग सावकाश, एकेक शब्द तोलत लिहू लागल्या. पातेले रिकामे. ओट्यावर पंजाचे ठसे नाहीत. पातेल्यावर झाकण नीट ठेवलेले. इथे त्या थांबल्या. झाकण? मांजर दूध पिऊन वर झाकण ठेवतं होय? त्यांनी मान वळवली. कोपऱ्यात नवरोबा पेपरात डोकं खुपसून बसले होते. मिशीवर साय.

"अहो!" मावशी कडाडल्या.

"अगं, घोटभरच," पेपरामागून आवाज आला.

मांजराला सन्मानाने घरात घेण्यात आलं. पण चौदा वर्षांत आपण किती मांजरं अशी हाकलली असतील, हा विचार काही केल्या त्यांची पाठ सोडेना.

फेरपरीक्षेच्या दिवशी दालनात एकतीसजण बसले होते. घंटा झाली. समोर एक बाई उभ्या, आणि त्यांच्या शेजारी तपकिरी कोटातला एक माणूस. काय चेहरा होता म्हणता! बारीक डोळे, भिरभिरती नजर, सारखा हात खिशात. असा अट्टल चेहरा मावशींनी अख्ख्या स्टँडवर पाहिला नव्हता. एवढ्यात बाई किंचाळल्या, "माझं पाकीट!" आणि तो माणूस दाराबाहेर धूम पळाला.

"लिहा," लालपेन म्हणाले.

मावशींच्या पेनाने आपणहून 'चो' लिहिलं. मिशीवरची साय आठवली. त्यांनी 'चो' खोडला, नियमाप्रमाणे बाजूला सही केली आणि लिहिलं: बाईंच्या उजवीकडे सुमारे तीन फुटांवर तपकिरी कोटातील गृहस्थ उभे होते. बाई ओरडल्या. गृहस्थ दाराकडे धावले. पाकीट मी कुणाच्याही हातात पाहिले नाही.

मग उलटतपासणी. परीक्षक म्हणून पांढऱ्या केसांच्या एक वकीलबाई आल्या होत्या. आवाज अगदी मधाळ. "मावशी, चौदा वर्षं स्टँडवर आहात. तुमच्यासारखीला तर चेहऱ्यावरूनच कळलं असेल. त्यानेच घेतलं ना?"

शेजारी लालपेनचं पेन वर उचललं गेलं. हेच तर ऐकायला मावशींचा जीव आसुसलेला असायचा!

"कळलं असं मला वाटलं, बाईसाहेब," त्या म्हणाल्या. "पण पाहिलं नाही."

"म्हणजे तो चोर नव्हता, असं म्हणायचंय?"

"तेही मी पाहिलं नाही."

पेन खाली आलं. वकीलबाई पहिल्यांदाच हसल्या.

संध्याकाळी निकाल लागला. तपकिरी कोटवाला तिथलाच लेखनिक होता, बिचाऱ्याचा चेहराच तसा. बाई ओरडल्या की पळायचं, एवढंच त्याला सांगितलेलं. पाकीट पहिल्यापासून बाईंच्याच पिशवीत होतं. एकतीसपैकी सव्वीसजणांनी त्याला चोर ठरवलं होतं. तिघांनी तर त्याच्या हातात पाकीट पाहिलं होतं, अगदी रंगासकट!

यादीत पहिलं नाव मावशींचं. चोवीस गुण. लालपेननी स्वतः त्यांच्या खांद्याजवळ नवा बिल्ला लावला. "एक गुण कापलाय. 'चो'चा."

"कापायलाच हवा," मावशी म्हणाल्या आणि असा कडक सलाम ठोकला की खिडकीतलं कबूतर उडालं.

घरच्या जिन्यात त्यांनी जी शिट्टी फुंकली, ती तीन मजल्यांनी ऐकली. दारात नवरोबा, पायात मांजर, ओट्याशी सून.

"झालात ना पास? सांगा की!" सून म्हणाली.

मावशींनी ताठ उभं राहून अहवाल दिला. "आज साडेपाच वाजता यादीत माझं नाव पहिलं वाचलं गेलं. मी स्वतः ऐकलं. सव्वासहा वाजता घरी पोचले. सुनेच्या डोळ्यांत पाणी दिसलं. कारण समजलं नाही."

"कांदा चिरत होते मी," सून नाक ओढत म्हणाली.

मावशींनी चष्मा नीट केला, ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं आणि तिला जवळ ओढलं.

"ओट्यावर कांदा आढळला नाही."