बिनलेबलाची डबी

माझ्या तोंडावर काय आहे, हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी म्हणायचं उष्णता, कुणी म्हणायचं पोट साफ नाही, कुणी म्हणायचं फोन कानाला लावून बसतेस ना, त्याने. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवायची, कानांमागे बोट घालून काड्या घट्ट होतात का ते बघायचं. म्हणजे समोरच्याचं तोंड माझ्या तोंडापासून जेमतेम वीतभर. एका बाईंनी नवा चष्मा चढवला, सगळं स्वच्छ दिसायला लागल्याबरोबर पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, या वयात अजून पुटकुळ्या? मी म्हटलं, नंबर बरोबर आलाय म्हणायचा. त्या हसल्या. मी नाही हसले.

कॉलेजात सगळ्यांची तोंडं फुलली होती तेव्हा माझं स्वच्छ होतं. मुलगी झाली आणि माझा नंबर लागला. हनुवटीवर, जबड्याच्या कडेने, आतून ठणकणाऱ्या गाठी. पिकत नाहीत, बसत नाहीत, आणि एक गेली की तिच्या शेजारी दुसरी हजर. मुलीचे गाल असे गुबगुबीत की तिचं खरं नाव घरात कुणी घेतच नाही, सगळ्यांची ती ठमी. ठमीला पाजताना ती वर बघत माझ्या हनुवटीवर बोट ठेवायची, आणि मी कळवळायचे.

घरात औषध होतंच. माझ्या नणंदेचं, म्हणजे ताईंचं, आमच्याच इमारतीत तळमजल्यावर पार्लर आहे. तिथे त्या स्वतः एक क्रीम बनवतात आणि छोट्या पांढऱ्या डब्यांतून देतात. डबीवर नाव नाही, गाव नाही, काही नाही. आमच्याकडे तिला 'ताईची क्रीम' म्हणतात आणि ती कशालाही चालते. सासूबाईंच्या मानेवरचा चट्टा, नवऱ्याची दाढीनंतरची आग, डास चावला, चटका बसला, डबी आण. मी लावायला लागले आणि आठवडाभरात चेहरा काचेसारखा झाला. ताईंनी माझे दोन फोटो पार्लरच्या भिंतीवर लावले, आधी आणि नंतर. मला विचारलं नाही. घरातलंच तोंड, विचारायचं काय?

'नंतर'च्या नंतर काय झालं ते भिंतीवर नव्हतं. दुकानातून घरी येईपर्यंत उन्हाने गाल भाजल्यासारखे व्हायचे. साधं पाणी झोंबायचं. आणि एखाद दिवस क्रीम राहिली की दुसऱ्या दिवशी पुटकुळ्या दुपटीने. मी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले, डबी त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी झाकण उघडलं, बोटाने जराशी घेऊन बघितली आणि म्हणाल्या, तपासल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही, पण लेबल नसलेली क्रीम एवढ्या झटपट गुण देते तेव्हा त्यात बहुतेक वेळा तेज स्टिरॉइड असतं. चेहऱ्याचं कातडं पातळ होतं आणि सोडलं की सगळं उसळून वर येतं. बाळ अंगावर पितंय म्हणून गोळ्या दिल्या नाहीत. सौम्य फेसवॉश, सकाळी सनस्क्रीन, रात्री औषधाचा हलका थर आणि त्यावर साधं मॉइश्चरायझर. रोज, न चुकता, काही महिने. आधी बिघडेल, मग सुधारेल, आणि मधल्या काळात कुणाचं ऐकू नका, असं बजावलं.

बिघडलं. असं बिघडलं की दुकानात मी आरसा गिऱ्हाइकाकडे वळवायचे तेव्हा आधी स्वतः बाजूला व्हायचे. नवरा म्हणाला, एवढं काय लावून घेतेस मनाला. त्याचं मन माझ्या तोंडावर नव्हतं, त्यामुळे त्याला सोपं होतं. ताई रोज दुपारी जेवायला वर यायच्या, मीही तेव्हा दुकानातून जेवायला घरी आलेली असायचे. त्यांना तर आयतं कोलीत मिळालं. मला दिव्याखाली उभी करून सासूबाईंना म्हणायच्या, "बघ आई, माझ्या हातात होती तेव्हा कशी होती, आणि आता डॉक्टरच्या हातात गेली तर कशी झाली." सासूबाई मान हलवायच्या. मी मूग गिळून गप्प बसायचे आणि रात्री ठमी झोपली की मोरीतल्या नळापाशी उभी राहून, हळूच, अजिबात न चोळता, तोंड धुवायचे. राग आला की हात जड होतो. जड हाताने तोंड धुवायचं नाही, हे शिकायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले.

त्याच सुमारास ठमीला दात यायला लागले. लाळेने तिचे दोन्ही गाल लाल, खरखरीत झाले. लहान मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, लाळ टिपत राहा, साधं व्हॅसलीन लावा, दात आले की जाईल. मी कामावर असताना तिला सासूबाई बघतात. त्यांना मी ते सांगितलं, दाखवलं, व्हॅसलीनची डबी त्यांच्या हाताशी ठेवली. पुरळ लवकरच गेलं. मला बरं वाटलं.

मग एका सुट्टीच्या दिवशी खिडकीपाशी ठमीला मांडीवर घेऊन बसले होते. ऊन तिच्या गालावर तिरपं पडलं होतं. दात अजून आलेला नव्हता, लाळ तशीच गळत होती, गळ्याखालचं लाळेरं चिंब. आणि गाल मात्र गुळगुळीत. नुसते गुळगुळीत नाहीत, तकतकीत, गुलाबी, आतून दिवा लावल्यासारखे. सासूबाई म्हणाल्या, किती गोड दिसतेय बाई. ती तकाकी माझ्या ओळखीची होती. तिचा फोटो खाली पार्लरच्या भिंतीवर होता.

मी विचारलं, आई, गालाला काय लावता? त्या म्हणाल्या, तू सांगितलंस तेच. एवढं बोलून त्यांनी लाळेऱ्याची गाठ सोडली आणि परत बांधली.

दुपारी ताई वर आल्या. मी ताट वाढायच्या आधीच विचारलं. त्यांनी लपवलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगते. लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. आंघोळ झाली की रोज वर येऊन बोटाच्या टोकावर घेऊन लावते, म्हणाल्या. तुझ्या व्हॅसलीनने काय झालं असतं, पोर खाजवून खाजवून रक्त काढत बसली असती. आणि मग हसून, "आईने नाही केलं ते आत्याने केलं. थँक्यू म्हण की."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ओरडायला वेळ नव्हता. माझं कातडं मोठ्या बाईचं होतं, तरी त्या क्रीमने त्याची वाट लावली. हे तर बाळाचं. माझ्या डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, मुलीला लगेच घेऊन या, पण आधी त्यात नेमकं कुठलं औषध आहे आणि किती, ते विचारा. त्यावर पुढचं ठरेल. मी ताईंना विचारलं. ताई पोळीचा तुकडा मोडत म्हणाल्या, ते मी कुणाला सांगत नाही, धंदा आहे माझा.

नवरा मध्ये पडला. अगं, ताईने काही वाईट हेतूने केलं नाही. उगाच घरातल्या घरात तमाशा नको.

"मला हेतू नकोय," मी म्हटलं. "औषधाचं नाव हवंय."

ताई शांतपणे जेवल्या, हात धुतले, खाली गेल्या. सासूबाईंनी त्यांचं ताट उचललं. मी नवऱ्याला म्हटलं, तुझी मुलगी आहे, तू जाऊन विचार. तो म्हणाला, संध्याकाळी विचारतो, आता तिच्याकडे गिऱ्हाइकं असतील.

गिऱ्हाइकं होतीच. म्हणूनच मी त्याच वेळी गेले. ठमीला कडेवर घेतलं आणि पार्लरचं काचेचं दार ढकललं. तीन खुर्च्यांवर तीन बायका माना मागे टाकून पडल्या होत्या. एकीच्या तोंडाला हिरवट लेप, एकीच्या भुवया ताई दोऱ्याने कोरत होत्या. भिंतीवर माझी दोन तोंडं. आवाज न चढवता म्हटलं, ताई, तुमची क्रीम ठमीच्या गालाला लागलीय, डॉक्टर विचारतायत त्यात काय आहे. लेपवालीने डोळे उघडले. माझ्याकडे, मग भिंतीकडे, परत माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "हो हो, सांगा ना. मीपण लावते ती. काय असतं हो त्यात?"

ताईंचा चेहरा हलला नाही. दातांत धरलेला दोरा मात्र सुटला. आत ये, म्हणाल्या.

पडद्यामागे एक फळी होती. फळीवर कोल्डक्रीमचा मोठा डबा, लाकडी चमचा, रिकाम्या पांढऱ्या डब्यांची चळत आणि खोक्यात गच्च भरलेल्या औषधाच्या ट्यूब. एक उचलली. ट्यूबवर उभी लाल रेघ आणि खाली बारीक अक्षरात, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये. बारीक अक्षर वाचणं माझं रोजचं काम आहे. सगळं वाचलं. चेहऱ्यावर लावू नये, असंही होतं. मी फोनवर फोटो काढले. एका डब्याला किती ट्यूब, विचारलं. ताई म्हणाल्या, अंदाजाने. रंग बघून कळतं.

"अंदाजाने?" मी म्हटलं.

"मी स्वतः लावते इतकी वर्षं," त्या म्हणाल्या. "मला काय झालंय?"

तिथे वर एकच ट्यूबलाइट होती, आमच्या दुकानातल्यासारखी पांढरी. मी वीतभरावर उभी होते. जिथे फाउंडेशन संपतं, कानशिलापाशी, कानाच्या पाळीखाली, तिथे लाल धाग्यांसारख्या शिरांचं जाळं होतं. कातडं असं पातळ की सायीसारखं. ताईंना मी कधी मेकअपशिवाय बघितलं नव्हतं. कुणीच बघितलं नव्हतं. मी म्हटलं, बाहेर बेसिन आहे. तोंड धुवा आणि मग त्या तिघींसमोर हेच म्हणा.

त्यांनी पडदा घट्ट धरून ठेवला. मग अगदी हळू म्हणाल्या, "सोडून बघितली मी. दोनदा. सोडली की काय होतं ते तुला माहितेय."

मला कीव यायला हवी होती, नवऱ्याने नंतर तसं बोलूनही दाखवलं. मला कीव नाही आली. उलट राग दसपट झाला. म्हणजे ह्यांना माहीत होतं. सोडली की काय होतं ते स्वतःच्या तोंडावर भोगून झालं होतं, आणि तरी त्याच बोटाने माझ्या मुलीच्या गालाला लावली, रोज, आंघोळ झाल्यावर, लाडाने.

डॉक्टरांनी फोटो बघितले आणि चष्मा काढून ठेवला. मुलीला नीट तपासलं. एकदम बंद करायचं नाही, म्हणाल्या; सौम्य औषध देते, ते कमी कमी करत नेऊ, वजन-उंचीवर लक्ष ठेवू. फार खोलवर गेलेलं दिसत नाही, वेळेत आलात. पण गाल उसळतील, तयारी ठेवा. मी मान हलवली. ती तयारी माझी होती.

गाल उसळले. ठमी रात्र रात्र रडायची, गाल माझ्या खांद्यावर घासायची. मी कामावरून रजा घेतली. माझी हनुवटी एकीकडे सुकत आली होती. तिचे गाल टोमॅटो. सकाळी आधी तिचं करायचं, मग माझं, संध्याकाळी तसंच, मायलेकी एकाच आरशासमोर. एका दुपारी तिला थोपटत होते तर सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, बघवत नाही गं, जरासं लाव ना ताईचं, एकदाच. एवढं सगळं झाल्यावरही हेच. मी ठमीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. त्या पदराने नाक पुसत निघून गेल्या.

ताई वर यायच्या थांबल्या होत्या. शेवटी एक दिवस आल्या, हातात ठमीसाठी कापडी ससा. दारातच सांगितलं की माझे फोटो भिंतीवरून काढलेत. नवरा लगेच म्हणाला, बघ, ताईने ऐकलं ना, आता सोड. मी विचारलं, आणि क्रीम?

"नवीन बनवत नाही," त्या म्हणाल्या. "आहे तो स्टॉक तेवढा संपवतेय."

त्या हे अगदी समजूतदारपणे बोलल्या. जणू दुकान आवरायचंय, माल वाया कशाला घालवायचा. मला ती हिरव्या लेपातली बाई दिसली. तिच्याही घरी एखादी ठमी असेल.

आत्याचा आवाज ऐकून ठमीने दोन्ही हात पुढे केले. तिला काय, आत्या म्हणजे लाड. ताईंनीही हात पुढे केले.

"तो स्टॉक कचऱ्यात गेला की या," मी म्हटलं. "तोवर ही तुमच्याकडे येणार नाही. आणि तुमच्याकडे येणाऱ्या बायकांना मी सांगणार आहे. प्रत्येकीला. खालच्या पायरीवर उभी राहून."

नवऱ्याने माझं नाव घेतलं, असं की पुढे काही बोलायची गरज नाही. सासूबाई आतून म्हणाल्या, अगं, असं काय करतेस, घरातलंच माणूस आहे. मी ठमीला फिरवून खांद्यावर घेतली. ती आत्याकडे वळून वळून रडायला लागली. तिचा तापलेला गाल माझ्या मानेला भाजत होता. मी एका हाताने तिची पाठ धरली आणि दुसऱ्या हाताने पायात चपला सरकवल्या. पार्लर उघडायची वेळ झाली होती.