मागची बाजू कोण बघतंय

आमच्या ह्यांचं नाव लवू, पण गोरेगावच्या स्टुडिओत सगळे लवू मिस्त्री म्हणतात. सिनेमाचे सेट बांधतात. या आठवड्यात हवेली उभी करतील, पुढच्या आठवड्यात तिथेच पोलीस चौकी. अशा माणसाशी लग्न केलं की स्वतःचं घर झकास होणार, असं माझ्या आईला वाटलं होतं. मलाही वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

सासरे गिरणीतून निवृत्त झाले तेव्हा मिळालेल्या पैशांतून त्यांनी मढला जमिनीचा तुकडा घेऊन ठेवला होता. चौऱ्याऐंशी साली आम्ही त्यावर घर बांधायला काढलं. नकाशा दोघांनी मिळून ठरवायचा, हे ह्यांनीच कबूल केलं होतं. रविवार आला की आम्ही गोरेगावच्या भाड्याच्या खोलीतून निघायचो आणि मढ गावात हिंडायचो. कोळ्यांच्या घरांची कौलं कशी उतरलीत, संध्याकाळी खाडीचं पाणी कुठल्या निळ्यावर जातं, हे सगळं हे तासन् तास बघत बसायचे. "मंजुळा, घर इथल्या मातीतनं उगवल्यासारखं दिसलं पाहिजे," म्हणायचे. मी म्हणायची, दिसू दे की, पण मला स्वयंपाकघर पाहिजे.

मी डावरी आहे. माहेरी, सासरी, भाड्याच्या खोलीत, जिथे जाईन तिथे शेगडी उजव्या कोपऱ्यात. भाकरी थापायची इकडे आणि अंग पिळून टाकायची तिकडे, खांद्याची पार वाट लागते. म्हणून माझं मागणं एवढंच होतं. शेगडी डावीकडे, ओटा माझ्या कमरेला येईल असा, आणि समोर खिडकी. खिडकीतून बाग दिसावी. बाग म्हणजे अळू, मिरची, कढीपत्ता आणि कोपऱ्यात शेवगा. मी बोलत राहायची, हे "हां, हां" करत प्लायवूडच्या तुकड्यावर खडूनं पडवीचे खांब काढत राहायचे.

घर झालं. काय घर झालं, अहाहा! रस्त्यावरून बघावं. उतरती कौलं, खाडीच्या निळ्या रंगाची भिंत, पडवीला कोरीव खांब, फाटकावर बोगनवेल. शेवग्याच्या जागी चाफा लावलेला, कारण शेवगा म्हणे फ्रेममध्ये उठून दिसत नाही. सगळी झाडं कुंड्यांसकट पुरलेली, हलवायला सोपी पडतात म्हणून. मी हरखून घराला वळसा घातला, तर मागे भिंतच नाही. स्वयंपाकघराला तीन भिंती आणि चौथीकडे ताडपत्री.

"अहो, भिंत कुठाय?"

"करू गो नंतर. मागची बाजू कोण बघतंय?"

आता बोला! ज्या माणसानं उभा जन्म तीनच भिंती बांधल्या आणि चौथीकडे कॅमेरा ठेवला, त्याला चौथी सुचणार कुठून? ओटाही नंतर, खिडकीही नंतर. जमिनीवर स्टो ठेवायचा, समुद्राचा वारा आला की तो विझायचा, मी परत पेटवायची. अशी दोन वर्षं काढली. शेजारची सगुणा मासळीची पाटी टेकवून खो खो हसायची. "दर्शनी घर बांधलंस गं बाय," म्हणायची.

आणि दर्शनी घराला दर्शन घेणारे मिळाले. एका सिनेमावाल्यांनी रस्त्यावरून घर बघितलं आणि हिरोइनचं घर म्हणून ठरवूनच टाकलं. बाहेरचं शूटिंग आमच्याकडे, आतलं स्टुडिओत, कारण आमच्या खोल्यांत कॅमेरा मावेना. आतला सेट लवू मिस्त्रींनीच बांधायचा. आठवड्याभरात बांधलासुद्धा. "चल, शूटिंग दाखवतो," म्हणून हे मला घेऊन गेले.

सेटवर पाय ठेवला आणि मी जागीच थांबले. शेगडी डावीकडे. ओटा माझ्या कमरेला. समोर खिडकी, आणि खिडकीमागच्या पडद्यावर रंगवलेली बाग. अळू होतं, मिरची होती, कढीपत्ता होता, कोपऱ्यात शेवगासुद्धा होता, शेंगा लागलेला. राग आला होता की आनंद झाला होता, मला अजून सांगता येत नाही.

हिरोइनला मात्र तिथे हातच चालवता येईना. "ये उलटा किचन किसने बनाया?" डायरेक्टर ओरडला. हे मान खाली घालून उभे. त्यात बाईंना भाकरी थापता येत नव्हती, आणि डायरेक्टरला भाकरी थापणारे हात जवळून पाहिजे होते. सेट उलटा करायला वेळ कुणाला होता? कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं. हिरोइनच्या बांगड्या माझ्या हातात चढवल्या आणि मला ओट्याशी उभं केलं.

मी पीठ मळलं, भाकरी थापली, तव्यावर टाकली. अंग पिळावं लागलं नाही. भाकरी टम्म फुगली. समोर शेवगा दिसत होता. जन्मात पहिल्यांदा मी माझ्या स्वयंपाकघरात रांधत होते, तेवढ्यात कुणीतरी "कट!" म्हणून ओरडलं.

सगळे जेवायला पांगले. ह्यांनी ती भाकरी उचलली आणि उभ्यानंच खाल्ली. "झकास झालीय," म्हणाले. "चल, हात धू. मला हे तोडायला घ्यायचंय, इथे उद्या हॉस्पिटल लागतंय."

"तोडा," मी म्हटलं. "पण माप तरी घेऊन ठेवा घरासाठी."

"माप कशाला? पाठ आहे मला."

पाठ आहे! म्हणजे खडूनं खांब काढता काढता माझा शब्द न् शब्द ऐकत होता हा माणूस. मी पिठाचे हात त्यांच्या शर्टाला पुसले आणि तिथेच ओट्याला धरून हमसून हमसून रडायला लागले.

वरून लाइटवाला ओरडला, "ताई, शॉट संपला!"