पुसदचा कूलर

आमच्या दीपमालेनं गुहागरात समुद्राकाठी घर घेतलं आणि पाहुण्यांसाठी खोल्या सुरू केल्या, म्हणून आम्ही दोघं म्हातारे पुसद सोडून तिच्याकडं राहायला आलो. येताना ह्यांनी लोखंडी कूलर सोबत आणलाच.

"समुद्राकाठी कायले पाहिजे कूलर?" मी ओरडले.

"ऊन तं तिथंबी पडते ना!"

लावला. इकडची हवा आधीच ओली, त्यात कूलरचं पाणी. गारवा राहिला बाजूला, अंथरूण चिकट झालं, डब्यातले पापड सादळले. शेजारीण तोंडाला पदर लावून हसली. मी रागारागानं कूलर पडवीत ढकलला आणि त्याच्यावर परकर वाळत घातले.

तेव्हापासून ह्यांची दुपारची झोप गेली. नुसते कूस बदलत पडायचे.

"लाटांचा आवाज येते काय?" मी विचारलं.

"नाही वं. कूलरची खडखड नाही ना इथं."

आज जेवणं झाल्यावर मी परकर काढले, कूलर ओढत आत आणला, पाणी न भरता नुसता पंखा सुरू केला. हे लगेच घोरायला लागले. माझाही डोळा लागत होता, तेवढ्यात दीपमाला डोकावली.

"आई, किती वाजते हा! तेल टाकू काय त्यात?"

"खबरदार हात लावशील तं!"