पुढच्या दरवाजाचा रंग

तिसऱ्यांदा रंगवलेला दरवाजाही सरांना पसंत पडला नाही.

"अशा इकडे या," ते म्हणाले. "माझ्या जागी उभ्या राहा. आता सांगा, हा एकच रंग आहे?"

रंगारीण त्यांच्या जागी जाऊन उभी राहिली. दिसायचं ते तिला आधीच दिसलं होतं. गाडी चंदेरी, अकरा वर्षांची, पण नव्यासारखी ठेवलेली. डावीकडचा मागचा दरवाजा खांबाला लागून चेपला होता, म्हणून नवा बसवला. तो रंगवायचा, एवढंच काम. पहिल्यांदा तिने कंपनीच्या कोडप्रमाणे रंग बनवला. मागच्या पत्र्याशी तो असा मिसळला की सांधा शोधावा लागावा. पण पुढच्या दरवाजाशेजारी काळपट दिसला. मग तिने रंग उजळ केला, तर मागचा पत्रा मळल्यासारखा वाटायला लागला. तिसऱ्यांदा तिने दोन्हींच्या मधला रंग धरला, आणि आता तो कशाशीच जुळत नव्हता.

"नाही, एक नाही," ती म्हणाली.

"मग? पस्तीस वर्षं चित्रकला शिकवली आहे मी, बाई. माझ्या डोळ्यांना फसवता येत नाही."

सरांच्या मागे त्यांची बायको पर्स छातीशी धरून उभी होती. गाडीकडे सोडून ती सगळीकडे बघत होती.

गॅरेज दोघा भावंडांचं. पत्रा ठोकायचं काम धाकट्या भावाचं, त्याला सगळे दादाच म्हणत; रंगाचं काम हिचं. आवाज ऐकून दादा हातातली हातोडी तशीच घेऊन बाहेर आला आणि गिऱ्हाइकासमोरच तिच्यावर घसरला.

"एका दरवाजाला चार दिवस? सर, उद्या संध्याकाळी गाडी तयार. शब्द देतो."

तिच्या वतीने शब्द द्यायची दादाला भारी हौस.

नवरा-बायको गेल्यावर तिने कपाटातून रंगाची जाडी मोजायचं मीटर काढलं. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. पण गाडी आणताना सर छातीठोकपणे म्हणाले होते, "माझ्याशिवाय कुणी चालवली नाही, कुठे ओरखडासुद्धा नाही," आणि तिने ते खरं मानलं होतं. आता स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटली. मागच्या पत्र्यावर आकडा आला एकशे दहा. छतावर एकशे पाच. पुढच्या दरवाजावर दोनशे साठ. तिने काचेखालची रबरी पट्टी हलकेच उचलली. खाली जुन्या चिकटपट्टीची रेघ स्पष्ट दिसत होती. रेघेच्या आत एक चंदेरी, बाहेर दुसरा. कुणीतरी हा दरवाजा पूर्वीच रंगवला होता, आणि तोही घाईत.

सकाळी तिने सरांना बोलावून घेतलं, बायकोही मागोमाग आली; तिने मीटर दाखवलं, रेघ दाखवली.

"म्हणजे मी खोटं बोलतोय?" सर लाल झाले.

"तसं नाही, सर. पुढचा दरवाजा कधीतरी..."

"कधीतरी नाही नि काही नाही! ही गाडी मी रोज सकाळी स्वतः पुसतो. तुम्हाला रंग जुळवता येत नाही, तर तसं सांगा. यंत्र कशाला पुढे करता?"

"ताई, गप्प बस," दादा दबक्या आवाजात म्हणाला. ती त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी होती. "नजर थकली असेल तर कबूल कर. माणूस आणू दुसरा."

आकडे खोटे, रेघ खोटी, अठरा वर्षांचं काम खोटं. मग ती आत जाऊन एकाच डब्यात पळी इतका वेळ ढवळत राहिली की रंगाला फेस आला.

अर्ध्या तासाने सरांची बायको एकटीच परत आली.

"चष्म्याचं घर विसरले वाटतं इथे," ती दारातून म्हणाली.

"इथे काही नाही, काकू."

"माहीत आहे गं." ती आत आली, डब्यांच्या फळीला हात टेकून उभी राहिली. "तो दरवाजा मी घासला होता. नऊ वर्षांपूर्वी. हे बहिणीकडे गेले होते तीन आठवडे. वाटलं, तेवढ्यात शिकून घ्यावं, आल्यावर चालवून दाखवावी. चौथ्या दिवशी फाटकाला लागली. रडत रडत कुठेतरी रंगवून आणली. त्यानंतर चावीला हात लावला नाही."

"आणि काल मी त्यांच्या शिव्या खात होते, तेव्हा तुम्ही मागेच उभ्या होतात."

"हो."

"आजसुद्धा."

"हो गं. त्यांना नको सांगूस. आयुष्यभर ऐकवतील."

रंगारणीला इतका संताप आला की तिने पळी डब्यावर आपटली. "काकू, तुम्हाला आयुष्यभर ऐकायचं नाही, म्हणून मी ऐकायचं? घरच्या माणसासमोर माझी अब्रू गेली. दोन्ही दरवाजे मूळ रंगात रंगवल्याशिवाय ही गाडी जुळणार नाही. ते मी करते. सांगणारही नाही. पण माझी चूक होती असं मात्र मी म्हणणार नाही. मेले तरी."

काकूंनी मान हलवली आणि निघून गेल्या.

दादाला न विचारता तिने पुढचा दरवाजा घासायला घेतला. जेवली नाही. दुपारभर दोन्ही दरवाजे रंगवले, वरचा चकचकीत थर चढवला, दिव्यांखाली सुकवले. संध्याकाळी गाडी उघड्यावर काढली तेव्हा ती पुढून मागपर्यंत एक होती.

सरांनी दोन फेऱ्या मारल्या, वाकून पाहिलं, डोळे बारीक केले.

"बघा! मन लावलं की जमतं," ते खुशीत म्हणाले. "मग चूक काय होत होती?"

"सकाळी सांगितलं, सर. पुढचा दरवाजा जुना रंगवलेला होता."

"पुन्हा तेच! अहो, झालं ना काम? एकदा चूक मान्य केली तर काय बिघडतं?"

दादाने तिला डोळ्यांनी खुणावलं. ती जागची हलली नाही.

"बरोबर सांगतेय ती," काकू म्हणाल्या.

सर हसले. "तुला काय कळतं यातलं?"

काकूंचा चेहरा कसनुसा झाला. मग त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "कळतं. मीच घासला होता. तुम्ही वन्संकडे गेलात तेव्हा. शिकत होते."

सरांचं हसू तोंडावरच राहिलं. त्यांनी दरवाजाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, पुन्हा दरवाजाकडे.

"नऊ वर्षं?" ते म्हणाले. "मला दिसलं कसं नाही?"

ते गाडीत जाऊन बसले, काकू शेजारी बसल्या. दोघं समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. सर गाडी काही सुरू करेनात, आणि मागे दुसऱ्या गिऱ्हाइकाने भोंगा वाजवायला सुरुवात केली. शेवटी दादाने काचेवर टकटक केली, तेव्हा कुठे ते निघाले. रंगारणीकडे सरांनी मान वळवूनही पाहिलं नाही.

ती दादाची वाट बघत उभी राहिली. तो परत आला, कपाळ पुसलं, तिच्याकडे पाहिलं, घसा खाकरला.

"काही बोलायचंय?" तिने विचारलं.

"नाही, म्हणजे... त्या लाल बोनेटचं काय झालं? सुकलं का?"

"जाऊन हात लावून बघ," ती म्हणाली, आणि स्प्रेगन धुवायला नळाकडे गेली.