भिंतीवरची धाकटी

"मॅडम, आमच्याकडे नापास कुणी होतच नाही," क्लासच्या काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली.

"कुणीच नाही?" थोरलीने विचारलं. "मग आधी नापास झालेल्यांना तुम्ही आत घेतच नसाल."

मुलीचं हसू जागच्या जागी थिजलं. "म्हणजे... तसं नाही मॅडम..."

"मग कसं?"

रांगेतल्या दोघी फिदीफिदी हसल्या. थोरलीने चकचकीत माहितीपत्रक काउंटरवर परत ठेवलं आणि जिना उतरली.

नर्सिंगच्या परवान्याची परीक्षा तिने दोनदा दिली होती आणि दोन्ही वेळा आपटली होती. आता शेवटची संधी. परवाना नाही तोवर हॉस्पिटलच्या ड्रेसिंग रूममध्ये ट्रे भरायचे, पट्ट्या कापायच्या. पेशंटला सुई टोचायची मुभा नाही. बाटलीवरचं लेबल पुन्हापुन्हा वाचल्याशिवाय ती औषध पुढे करत नसे, म्हणून वॉर्डात तिला सगळे 'इन्स्पेक्टर' म्हणत. तिचा कुणावरच चटकन विश्वास बसत नसे. क्लासवाल्यांवर तर मुळीच नाही.

दुसरा क्लास औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होता. चालवणाऱ्या बाई निवृत्त मेट्रन. थोरली दारात पोचली तेव्हा त्या कुणाला तरी झापत होत्या. "प्रश्न अर्धाच वाचलास आणि उत्तर ठोकून मोकळी! पेशंटपाशी अशीच वागणार आहेस का?"

थोरलीला बरं वाटलं. बरं वाटलं म्हणूनच ती आणखी सावध झाली. उगाच इकडेतिकडे बघत राहिली. भिंतीवर पास झालेल्या मुलींचे फोटो होते, आणि त्यांत, कोपऱ्यात, धाकटी होती. तिची सख्खी धाकटी बहीण.

थोरलीच्या डोक्यात सणक गेली. धाकटीने आयुष्यात क्लासची पायरी चढली नव्हती. एका मैत्रिणीकडे जाऊन अभ्यास केला आणि पहिल्या फटक्यात पास झाली. आईने ही गोष्ट इतक्यांदा सांगितली होती की शेजाऱ्यांनाही ती तोंडपाठ झाली होती.

"हा फोटो कुठून आणलात?" तिने विचारलं.

मेट्रनबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तिनेच दिला. तुम्ही कोण तिच्या?"

"आहे ओळखीची."

"मग तिलाच विचारा. माझ्या मुलींच्या गोष्टी मी परक्यांना सांगत नाही."

बघा, कशी सफाईने वेळ मारून नेली! थोरली तरातरा हॉस्पिटलात परतली आणि थेट मुलांच्या वॉर्डात शिरली. धाकटी एका बाळाचं वजन करत होती. तिने बाळ आईच्या कुशीत देईपर्यंत थोरली कशीबशी थांबली, मग तिला चादरींच्या खोलीत ओढून नेलं.

"अगं, तुझा फोटो लावून लोकांना फसवताहेत! आपण जाऊन चांगलं खडसावू..."

"ताई," धाकटी म्हणाली, "फसवत नाहीत. मी होते तिथे."

थोरलीने खोलीचं दार लोटून घेतलं.

"तू पहिल्यांदा दिलीस ना परीक्षा, तेव्हा मीही दिली होती. घरी सांगितलं, यंदा बसत नाही म्हणून. नापास झाले. तू नापास झाल्यावर आईने अंथरूण धरलं होतं. त्यात आणखी माझं कुठल्या तोंडाने सांगू?"

"मग मैत्रीण?"

"मैत्रीण नव्हतीच. क्लासला जायचे."

"दुसऱ्या वेळी आपण एकाच बसने गेलो परीक्षेला," थोरली हळू आवाजात म्हणाली. "मी घरच्या घरी चाचपडून, आणि तू क्लास करून. निकालानंतर आई मला उठताबसता तुझं नाव घेऊन टोचत होती. तू समोर बसून जेवत होतीस. निदान क्लासचं तरी सांगायचंस गं मला."

"सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, कधी लावला, का लावला. तू एकदा खोदायला लागलीस की थांबतेस का?" धाकटीचे डोळे भरून आले. "आईला सांगू नकोस."

थोरली ड्रेसिंग रूमकडे निघून गेली.

रविवारी मावशी आली. थोरली जमिनीवर परात घेऊन मटार सोलत होती. मावशीने सहज विचारलं, "आमच्या सुनेचीही परीक्षा आलीय. धाकटीने कुठला क्लास लावला होता गं?"

"तिला कशाला लागतो क्लास!" आई लगेच म्हणाली. "ही थोरलीच बघ ना, दोन वर्षं..."

धाकटीच्या हातातला ग्लास तसाच राहिला. थोरलीने एक शेंग सोलली. मग दुसरी.

"तिचं डोकंच वेगळं आहे, मावशी," ती म्हणाली. "मला मात्र लागतो. औषधांच्या दुकानावर एक मेट्रनबाई आहेत, कालच नाव घातलं. सुनेलाही तिथेच पाठव. बाई तोंडाने फटकळ आहेत, पण घरातलं बाहेर बोलत नाहीत. सांगितलं तर भिंतीवरचा फोटोसुद्धा काढून ठेवतात."

"हिचा विश्वास बसला म्हणजे नवलच!" आई हसली आणि मावशीला घेऊन आत गेली.

धाकटी उठली, थोरलीसमोर येऊन बसली आणि अर्ध्या शेंगा तिने स्वतःकडे ओढल्या. थोरलीने परात तिच्याकडे सरकवली नाही. मागेही ओढली नाही. दोघी खाली मान घालून सोलत राहिल्या.